आधी आरोळी

आमचं आडनाव शिकलगार. आमच्या पूर्वजांनी तलवारींना धार लावली. राज्यं गेली, तलवारी भिंतीला टांगल्या गेल्या, तेव्हा घरातल्या शहाण्या माणसांनी मिरजेत तंबोरे करायला घेतले. मी घरातला वेडा. तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी घासता घासता मला काच घासायचं खूळ लागलं, काचेवरून आरशावर आलो आणि आरशानं पुन्हा हत्याराच्या दारात नेऊन उभं केलं. धाकटा भाऊ अजून टोमणा मारतो, "दोनशे वर्षं चालून घरच्याच अंगणात आलास की रे, रसूल!"

तर मी रसूल शिकलगार, वय छप्पन्न, हुद्दा आरसा कारागीर. मी शिपाई नाही. पण चौदा हजार फुटांवरच्या त्या सीमाठाण्यात मी सात वर्षं काढली, आणि टिटवीच्या आरशाला माझ्याखेरीज कुणी बोट लावलेलं मला खपत नसे. खुद्द ठाणेप्रमुख कर्नलबाईंनी एकदा कौतुकानं लावलं होतं. मी त्यांच्यादेखत आरसा पुन्हा धुतला. त्या परत कधी जवळ आल्या नाहीत.

टिटवी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

किरणतोफ तुम्ही ऐकली असेल. तिचा किरण लोखंडाला भोक पाडतो, पण त्याला एक खोड आहे. तो सरळ जातो. मध्ये टेकडी आली की खेळ खलास. टेकडीपलीकडचा माणूस निवांत चहा प्यायला मोकळा. यावर तोड म्हणून टिटवी काढली. चार पंख्यांचं यंत्र, हवेत चारशे मीटरवर एका जागी तरंगत राहतं, सारखं टिवटिवतं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिच्या पोटाशी भाकरीच्या तव्याएवढा आरसा. खालून तोफ चालवणारा, म्हणजे तिचा मालक, किरण सोडतो, टिटवी तो आरशावर झेलते आणि टेकडीपलीकडं वळवते. बस्स, एवढंच तिचं काम. पण ते एवढंसं काम करायला दहा देशांचे शास्त्रज्ञ वीस वर्षं डोकं फोडत होते.

कारण हवा. तापलेल्या तव्यावरून पलीकडं बघा, भिंतसुद्धा हलताना दिसते. डोंगरात ऊन आणि बर्फ शेजारी शेजारी असतात, तिथं हवेचे थर असेच किरणाला हलवतात. म्हणून टिटवी आधी एक मंद उजेड पाठवते, तो किती थरथरला ते बघते आणि आरसा नेमका उलटा वाकवते. आरशाच्या पाठीला सहाशे सुया आहेत, त्या त्याला केसाच्या हजाराव्या भागानं ढकलतात. आणि आरसा असा लागतो की लाखातला एखादाच कण प्रकाश त्यानं गिळावा. त्यावर धूळ बसली की तेवढी जागा तापते, आरसा तडकतो. यंत्रं घासतात, पण शेवटचा हात अंगठ्याचा लागतो. तो अंगठा माझा.

दुसरी अडचण याहून अवघड. टेकडीपलीकडचा माणूस उभा राहत नाही, सरकतो. शत्रू रेडिओ बंद पाडतो, त्यामुळं वर लांबलचक हुकूम पाठवता येत नाहीत. मालकाकडून टिटवीला प्रकाशाच्या एका बारीक धाग्यावरून तीनच गोष्टी कळतात. मालकाचा डोळा कुठं आहे, चापावरचं बोट काय करतंय, आणि गळ्यातल्या पट्टीतून घशाचा कंप. एवढ्यावरून तिनं मालकाच्या मनातलं ओळखायचं. म्हणून एक टिटवी एकाच माणसाची. ती त्याच्यासोबत दीड वर्ष राहून त्याच्या सवयी शिकते. मालकानं चाप ओढल्याशिवाय किरण सुटत नाही, हा कायदा. 'वार मालकाचा, वळण टिटवीचं' असं प्रशिक्षणात घोकून घेतात. कायदा करणाऱ्यांना वाटलं, झालं, जबाबदारी ठरली.

आमच्या ठाण्यावरची सगळ्यांत तरबेज टिटवी होती हवालदार ईश्वरी गरंडेची. पोरगी मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली. उंच, सावळी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण मला चाचा म्हणायची आणि माझ्या हातचा चहा बिनसाखरेचा असला तरी प्यायची.

आता माझी चूक सांगतो. सांगायलाच बसलोय तर लपवू कशाला?

टिटवीच्या उड्डाणपट्टीलगत एक कडा होता. त्यावर रानपारवे बसायचे, पाच-पन्नास. त्यांची पिसं, त्यांची घाण, सगळं पंख्यांच्या वाऱ्यानं माझ्या आरशावर. मी जाळी लावली, डबे वाजवले, शिव्या घातल्या. पारवे ढिम्म. एक दिवस मी ईश्वरीपुढं रडगाणं गात होतो, तर ती म्हणाली, "एवढंच व्हय? मी हाकलते की. जन्मभर तेच केलंय."

लहानपणी ती ज्वारीच्या राखणीला असायची. कणसं भरली की रानात उंच माळा बांधायचा, त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवायची. तिच्या आत्यानं तिला शिकवलेलं. आत्याचा कायदा फार कडक होता. आधी आरोळी, मग दगड. आरोळी साऱ्या रानाला गेली पाहिजे. डोळा पाखरावर ठेवायचा, पण दगड पाखराच्या हातभर बाजूनं काढायचा. "ज्या रानात पाखरू मेलं त्या रानाची रास भरत नाही, असं म्हणायची आत्या," ईश्वरी सांगायची. "एक जरी पाखरू पडलं तर दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही."

मी रीतसर अर्ज केला : आरशाच्या रक्षणासाठी सकाळच्या चाचणीच्या उड्डाणात हवालदार गरंडे यांना पाव ताकदीच्या किरणानं पक्षी हाकलण्याची परवानगी मिळावी. कर्नल वसुधा राणे यांनी सही केली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला ईश्वरी पट्टीवर उभी राहायची, टिटवी वर जायची, आणि ही आरोळी ठोकायची, "हाऽऽय रेऽऽ!" मग किरण. पारव्यांच्या शेजारचा दगड ताडकन तडकायचा, थवा उठायचा, एकालाही इजा नाही. टिटवी नवी होती तेव्हा ईश्वरी शिकवणीपुरती दिलेली दांडी धरून वार बाजूला न्यायची. पुढं टिटवी स्वतःच न्यायला लागली. दांडीवरचा हात कधी सुटला ते दोघींना कळलं नाही.

पण आरोळीनं रात्रपाळीची पोरं उठायची. बराकीतून आवाज यायचा, "अगं ए, झोपू दे की! हे मंगळवेढं नव्हे!" लान्स नाईक तुषार बोडके तर खिडकीतून बूट फेकायचा. सिन्नरचा पोरगा, तोंडाचा पट्टा अखंड चालू, ईश्वरीला 'ताईसाहेब' म्हणून चिडवायचा. मग मीच तिला सांगितलं, "पोरी, हळू ओरड. घशातल्या घशात. पाखरं तशीही दगडाच्या आवाजानंच उडतात."

ती हळू ओरडायला लागली. पुढं पुढं ओठसुद्धा हलायचे नाहीत. दीड वर्षांत अशा पाचशे सकाळी झाल्या.

आणि मग तो बुधवार आला.

दुपारचे दोन. खालच्या उघड्या उतारावर तुषार आणि आणखी एकजण पाण्याची फुटलेली नळी जोडत होते. टिटवीच्या डोळ्यातून ईश्वरीला टेकडीपलीकडं एक माणूस दिसला. खडकाआडून उठला, खांद्यावर अग्निबाणाची नळी घेतली, उताराकडं रोखली. ठाण्यावरून हुकूम आला, "गरंडे, मार!" तिनं चाप ओढला. पूर्ण ताकदीचा किरण वर गेला, टिटवीनं झेलला, वळवला, आणि त्या माणसाच्या हातभर डावीकडचा खडक फुटला.

माणूस दचकला, बाण सुटला, नळी टाकून तो पळाला. बाण उतारावरच्या दगडांवर फुटला. दुसरा जवान खरचटून वाचला. तुषारचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. ईश्वरीची तोफ काढून घेतली, टिटवीला पेटीत कुलूप घातलं. ठाण्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे हिला दया आली, कुणी म्हणे हात कापला. मुद्दाम वार चुकवला असं ठरलं असतं तर कोर्ट मार्शल, आणि वर्दी गेली असती. अकरा वर्षांची नोकरी. गावात तिच्या फोटोचा फलक होता शाळेपाशी.

कर्नलबाईंनी मला बोलावलं. टीनाच्या खोलीत शेगडी धगधगत होती. त्यांनी दार लावलं.

"शिकलगार, नोंदीत तिचा डोळा त्या माणसाच्या छातीवर आहे. बोट वेळेवर दाबलंय. तरी वार सरकला. का?"

"मला काय ठाऊक मॅडम. मी आरसेवाला."

"म्हणूनच विचारते. आरशावर एखादा कण असेल तर वार सरकू शकतो?"

"सरकू शकतो."

"मग आरसा तपासून तीन दिवसांत लेखी द्या." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कण सापडला तर प्रश्नच मिटतो. पोरगी चांगली आहे हो."

मला न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हतो. मी आरसा दिव्याखाली धरला. पहिल्यांदा आयुष्यात मी स्वतःच्या कामात खोट सापडावी म्हणून अल्लाकडं दुवा मागितली. तासभर बघितला. आरसा स्वच्छ होता, नवरीच्या कपाळासारखा. एवढा राग आला मला स्वतःच्या अंगठ्याचा!

मग मी नोंदी चाळल्या. डोळा, बोट, दोन्ही ठीक. तिसरी ओळ घशाची. चाप ओढायच्या अर्धा सेकंद आधी तिथं एक बारीक कंप होता. वरच्या कार्यालयातल्या हुशार पोरांनी शेजारी लिहिलं होतं, 'श्वासोच्छ्वास'. मी तो कंप आवाजात उतरवून कानाला लावला. तंबोऱ्याच्या घरातला कान आहे माझा. एकदाच ऐकलं आणि ओळखलं. तो श्वास नव्हता. घडी घालून खिशात ठेवल्यासारखी इवलीशी, ती आरोळी होती. हाऽऽय रेऽऽ.

पाचशे सकाळी टिटवी काय शिकली? डोळा एखाद्या जिवावर आहे, बोट चापावर आहे, आणि घशात आरोळी असेल तर वार हातभर बाजूला. तिनं मालकिणीचं ऐकलं. सगळ्या जगात हे ओळखणारी माणसं दोनच, एक ईश्वरी आणि एक मी. मी गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी तिच्याकडं गेलो. भांडारामागच्या पायरीवर बसली होती. मी यंत्र तिच्या कानाला लावलं. तिनं पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"मी ओरडले?"

"ओरडली नाहीस. घशात आलं."

"पण चाचा, माझा नेम छातीवर होता. शपथ घेऊन सांगते."

"होता. पाखरावरसुद्धा असायचाच की डोळा."

तिनं यंत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "तो उठला ना खडकाआडून, तेव्हा आधी मान इकडं-तिकडं केली त्यानं. अगदी पारव्यासारखी. एवढंच आठवतंय मला."

"हे बघ," मी म्हणालो, "मी लिहून देतो. आरशावर कण होता. टिटवीचा दोष, तू मोकळी."

तशी ती भडकली. "तुमच्या आरशावर कण? कोण विश्वास ठेवील? आणि तुम्ही स्वतः आयुष्यभर कसं राहाल? ते जाऊ द्या. तुषारचा पाय गेलाय चाचा. कुणामुळं गेला हेसुद्धा त्याला खोटं सांगायचं?"

मी तिला खूप समजावलं. मला भीती वाटत होती. पोटची पोर असती तरी एवढी वाटली नसती. ती एकच धरून बसली : "आधी त्याला सांगते. मग तुम्ही मॅडमना सांगा."

दोन दिवसांनी रसदीच्या गाडीनं आम्ही खालच्या इस्पितळात गेलो. कर्नलबाईंनी परवानगी दिली, कारण विचारलं नाही. तुषार खाटेवर उशाला टेकून बसला होता. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. तिकडं बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं.

ईश्वरी उभ्या उभ्याच सगळं बोलली. पारवे, आत्या, आरोळी, घसा. एक शब्द मऊ केला नाही. तुषार ऐकत होता. एरवी चार वाक्यांत तीन विनोद करणारा पोरगा, त्या दिवशी तोंड घट्ट मिटून होता.

"म्हणजे तू त्याला इशारा दिलास," तो शेवटी म्हणाला.

"मला कळलं नाही तेव्हा. पण हो."

"त्याला सांगितलंस, सरक बाबा. आणि मला?" त्याचा आवाज फाटला. "मी पण उघड्यावरच होतो ना गं ताई? ओरडायचंच होतं तर खणखणीत ओरडायचं! मला ऐकू आलं असतं. हातभरावर मोठा दगड होता, मी त्याच्यामागं उडी टाकली असती. त्याला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस."

ईश्वरीनं खाटेची कड धरली. तिला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"आत्या म्हणायची," ती हुंदक्यातून म्हणाली, "आरोळी निम्मी पाखराला आणि निम्मी रानात वाकलेल्या माणसांना. गोफण फिरणार हाय, डोकी खाली घाला म्हणून. निम्मी मी विसरले."

"विसरली नाहीस. बूट फेकून मीच विसरायला लावली," असं तुषार म्हणेल असं मला वाटलं होतं. तो तसं काही म्हणाला नाही. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. आम्ही निघालो. गाडीत सगळी वाट माझ्या डोक्यात एकच घोळत होतं : बूट त्यानं फेकले, पण हळू ओरड असं सांगणारा मी होतो.

चौकशीत मी ते सांगितलं. आरसा निर्दोष आहे. टिटवी निर्दोष आहे, तिनं शिकवलेलं केलं. पोरीचा नेम निर्दोष आहे. घशातली आरोळी हीच चूक, आणि ती तिच्या घशात कोंडली मी, माझ्या आरशाच्या आणि पोरांच्या झोपेच्या काळजीनं. शिक्षा द्यायची तर मला द्या.

"तिनं जाणूनबुजून इशारा दिला का?" कर्नलबाईंनी विचारलं.

"मॅडम, राखणदारीण ठरवून ओरडत नाही. पाखरू दिसलं की ओरडते."

निकाल आठवड्यानं आला. कोर्ट मार्शल नाही. मला लेखी ताकीद. ईश्वरीच्या टिटवीची सगळी शिकवण पुसायची आणि पुन्हा कोरी टिटवी हातात घेऊन तिनं उभं राहायचं. तयार नसेल तर तोफखाना सोडून भांडारात बदली. पुसण्यासाठी मालकिणीची सही लागते. ईश्वरीनं कागद दोनदा वाचला आणि सही केली.

"सवय पुसायचीय तर पुसा," ती मला म्हणाली. "परत कुणाचा पाय जायला नको."

पुसायला सात मिनिटं लागली. दीड वर्षाच्या सकाळी सात मिनिटांत गेल्या. मी आरसा धुऊन पुन्हा बसवला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चाचणीचं उड्डाण. कड्यावर पारवे होतेच, पंधरा-वीस दिवस कुणी हाकललं नव्हतं म्हणून माजलेले. मी सवयीनं म्हणालो, "बघ की, बसलीत तुझी पाहुणी." तिनंही सवयीनं तिकडं डोळा लावला, घशात आरोळी आली, बोट दाबलं. दांडीवर हात नव्हता. दोघांच्याही लक्षात आलं नाही की वरती जी तरंगतेय ती आता आपल्याला ओळखत नाही.

टिटवीनं डोळा बघितला आणि बरोब्बर तिथं किरण नेला. एक पारवा कड्यावरून सरळ खाली आला.

ईश्वरी धावत गेली. पारवा उचलून आणला तेव्हा त्याची एका बाजूची पिसं जळली होती आणि अंग अजून गरम होतं. ती तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"मेलं चाचा," ती म्हणाली. "माझ्या हातनं आजवर एक पण मेलं नव्हतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं टोपी काढली, पारवा टोपीत ठेवला आणि तशीच चालत कर्नलबाईंच्या खोलीकडं निघाली. मी मागं मागं. म्हातारा माणूस, चौदा हजार फुटांवर, धापा टाकत.

कर्नलबाई टोस्ट चावत कागद बघत होत्या. ईश्वरीनं सलाम केला आणि टोपी टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही कोरी टिटवी माझ्या डोळ्याचं ऐकते. डोळा तर सगळ्यांवरच पडतो. मी हिला पुन्हा शिकवणार."

"तेच? ज्यानं बोडकेचा पाय गेला?"

"तेच, पण उघड. दांडी धरून, पहिल्यापासून. आणि आरोळी मोठ्यानं, घशात नाही. मी खणखणीत ओरडले तर पहिला वार बाजूला. नाही ओरडले तर वार छातीवर. कधी ओरडायचं ते मी ठरवणार, माझी सवय नाही. घशातल्या कंपाला हिनं मोजायचंच नाही."

"युद्धात ओरडायला वेळ असतो का, गरंडे?"

"नसेल तेव्हा ओरडणार नाही."

"आणि तू ओरडलीस, तो पळाला नाही, त्यानं बाण सोडला तर?"

"तर माझी माणसं आरोळी ऐकून आधीच आडवी झालेली असतील. त्यातूनही कुणाला लागलं, तर माझ्यामुळं लागलं असं मीच येऊन सांगेन. या वेळी सांगायला चाचा लागले."

कर्नलबाई उठून खिडकीपाशी गेल्या. मग वळून माझ्याकडं बघितलं.

"शिकलगार, पक्षी हाकलणं खरोखर एवढं आवश्यक आहे?"

"आरशाच्या दृष्टीनं मॅडम," मी छाती पुढं काढून म्हणालो, "फारच."

त्या हसल्या नाहीत. माझा जुना अर्ज फायलीतून काढला आणि खाली हिरव्या शाईनं एक ओळ लिहिली : 'परवानगी कायम. आरोळी संपूर्ण ठाण्याला ऐकू गेली पाहिजे.' मग टोपीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "याला नीट पुरा कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीनं दांडी घट्ट धरली आणि अशी आरोळी मारली की समोरच्या डोंगरानं ती परत पाठवली. "हाऽऽऽय रेऽऽऽ!" बराकीतून शिव्या आल्या. कर्नलबाईंचा हुकूम दारावर डकवला होता, त्यामुळं बूट आले नाहीत. दगड तडकला, थवा उठला. मी मोजले, एकही कमी नव्हता.

चार महिन्यांनी तुषार परत आला. नवा पाय बसवून, भांडाराच्या कामावर. घरी जा म्हणाले होते, हा हट्टानं वर आला. ईश्वरीशी तो बोलत नव्हता. समोर आली की मान फिरवायचा. ताईसाहेब नाही, काही नाही. ती रोज त्याच्या टेबलावर हजेरीचा कागद ठेवायची, तो सही करून परत सरकवायचा.

तो आल्यानंतरचा तिसरा आठवडा असेल. तुषार पट्टीच्या पलीकडून तेलाच्या पिंपांजवळून चालला होता, त्या नव्या पायानं, अजून सराव नसलेला. वर टिटवी तरंगत होती. ईश्वरीनं त्याला पाहिलं. क्षणभर दांडीवरचा तिचा हात थांबला. मग तिनं आजवरची सगळ्यांत मोठी आरोळी मारली.

तुषार धाडकन पिंपामागं बसला. पाय एकीकडं लांब गेलेला, डोकं खाली, दोन्ही हात कानांवर. दगड तडकला. पारवे त्याच्या डोक्यावरून उडाले. मी पळत निघालो. ईश्वरी जागची हलली नाही.

पिंपामागून पहिल्यांदा एक हात वर आला.

"ऐकलं!" तुषार ओरडला. "ऐकलं गं ताई, ऐकलं!"